हैदराबादचे पदक, कुलाब्याचे गणित

१९ ऑगस्ट २०१० रोजी हैदराबादमध्ये राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते इस्रायली गणितज्ञ एलॉन लिंडनस्ट्रॉस यांना फील्ड्स पदक मिळाले. गणितज्ञांची जागतिक परिषद भारतात प्रथमच भरली होती. त्या पदकामागच्या गणिताचा एक मोलाचा टप्पा तीस वर्षांपूर्वी मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गाठला गेला होता.

ठरलेल्या नियमाने फिरणारा बिंदू दीर्घकाळात कुठे किती वेळ काढतो, याचा हिशेब अपरिवर्ती माप देते. बिंदू हलत राहतात, त्यांची वाटणी बदलत नाही. १९५८ मध्ये कोल्मोगोरोव्ह यांनी आणि लगोलग त्यांचे शिष्य सिनाई यांनी याला एंट्रॉपीची जोड दिली. मागचा सारा प्रवास ठाऊक असूनही पुढच्या पावलाविषयी उरणारी अनिश्चितता म्हणजे एंट्रॉपी. हायपरबोलिक गतीत शेजारचे बिंदू एका दिशेने झपाट्याने दुरावतात, दुसऱ्या दिशेने जवळ येतात. अशा गतीची अपरिवर्ती मापे इतकी असतात की त्यांची यादी करणे अशक्यच.

कुलाब्यात दुसऱ्या टोकाने सुरुवात झाली.

ज्या वक्र पृष्ठभागांवर अशी हायपरबोलिक गती असते, त्यांच्यावरच हॉरोसायकल नावाची गतीही असते. तिच्यात बिंदू संथपणे दुरावतात आणि एंट्रॉपी शून्य असते. १९७८ मध्ये श्रीकृष्ण दाणी यांनी दाखवले, की पृष्ठभाग अनंतापर्यंत पसरलेला पण मर्यादित क्षेत्रफळाचा असला, तरी तिची मूलभूत मापे दोनच प्रकारची असतात: एखाद्या बंद वाटेपुरती, किंवा साऱ्या पृष्ठभागावर सारखी पसरलेली. त्यांचे सहकारी एम. एस. रघुनाथन यांचे व्यापक अनुमान १९८१ मध्ये दाणींच्याच लेखातून छापले गेले; १९९० च्या सुमारास मरिना रॅटनर यांनी ते सिद्ध केले. हैदराबादच्या परिषदेच्या संयोजनाची धुरा रघुनाथन यांच्याकडेच होती, आणि दाणींचे विद्यार्थी निमिष शाह तिथे निमंत्रित वक्ते होते.

लिंडनस्ट्रॉस पुन्हा हायपरबोलिक गतीकडे वळले, पण एकाच वेळी अनेक गती घेऊन. त्यांचा क्रम बदलून परिणाम बदलत नसेल आणि एंट्रॉपी धन असेल, तर मापांची गर्दी ओसरते. २००६ मध्ये आइनसीडलर आणि काटोक यांच्यासह त्यांनी हे दोन संख्यांना एकाच वेळी अपूर्णांकांनी जवळून गाठण्याविषयीच्या लिटलवुडच्या जुन्या अनुमानाला लावले. अपवाद ठरू शकणाऱ्या संख्याजोड्यांच्या संचाची मिती शून्य निघाली. धन एंट्रॉपीची अट गळली, तर एकही अपवाद उरणार नाही. ती अट अजून कोणाला काढता आलेली नाही.