सभेत मांडलेला फोटो : मुंबईच्या हौशी छायाचित्र-मंडळांची वाटचाल

फोटो काढायला माणूस एकटा पुरतो. तो कसा निघाला हे कळायला मात्र चार माणसं लागतात, आणि तीही फोटो काढणारीच लागतात. घरच्यांना फोटोतली मावशी दिसते. फोटो काढणाऱ्याला मावशीच्या डोक्यातून उगवलेला विजेचा खांब दिसतो. मुंबईतली हौशी छायाचित्रकारांची मंडळं याच गरजेतून निघाली. कॅमेरे बदलले, कितीतरी मंडळं आली नि गेली. ठरल्या दिवशी जमायचं, प्रत्येकाने आपला नवा फोटो मांडायचा आणि इतरांनी त्यावर बोलायचं, हा शिरस्ता मात्र नव्या नव्या रूपांत पुन्हा पुन्हा उभा राहिला.

१८५४ : कारकून, कॅप्टन आणि डॉक्टर

लंडनची फोटोग्राफिक सोसायटी १८५३ची. त्यानंतर दोन वर्षं उलटायच्या आत, ऑक्टोबर १८५४मध्ये, मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. देशातली ही अशी पहिली संस्था. कॅप्टन हॅरी बार तिचे पहिले अध्यक्ष. वर्षभरात सभासद दोनशेच्या वर गेले. त्यांत लष्करी अधिकारी होते, सरकारी कचेरीत नोकरी करून फोटोचा नाद जोपासणारा विल्यम जॉन्सन होता, आणि डॉक्टर होते.

डॉक्टर असण्याला कारण होतं. त्या काळी फोटो काढणं म्हणजे निम्मी रसायनांशी झटापट. काचेवर कलोडियन ओतायचं, काच हळूहळू तिरकी करत ते चारही कोपऱ्यांपर्यंत न्यायचं, मग सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायचं. काच ओली आहे तोवर कॅमेऱ्यात घालायची आणि ओली आहे तोवरच डेव्हलप करायची. कलोडियनमधलं ईथर मुंबईच्या उन्हाळ्यात बघता बघता उडून जाई आणि चित्र हातचं जाई. सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग बोटांवर दिवसेंदिवस राहत. या बाटल्यांची आणि प्रमाणांची डॉक्टरांना भीती नव्हती.

डॉ. भाऊ दाजी लाड मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या १८५१च्या पहिल्या तुकडीतले. ते आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी, दोघेही सोसायटीचे सभासद. भाऊंचं नाव पुराणवस्तू, शिलालेख आणि कुष्ठरोगावरचे उपचार यांमुळे आजही घेतलं जातं. नारायण दाजींचं फारसं कुणी घेत नाही. कॅमेऱ्यात मात्र धाकटे बंधू पुढे होते. १८५७मध्ये त्यांनी सोसायटीत आपले फोटो मांडले आणि पुढे कार्यकारिणीवरही काम केलं. साहेबांच्या बरोबरीने मुंबईचा एक डॉक्टर आपलं काम सभेपुढे ठेवतो आणि त्यावर चर्चा होते, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

सोसायटीने १८५५मध्ये स्वतःचं नियतकालिकही काढलं. त्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. शिकवायला क्रॉफर्ड नावाचे गृहस्थ होते, विद्यार्थी बहुतांशी इथलेच. त्यांच्यातला हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतला नावाजलेला व्यावसायिक छायाचित्रकार झाला. त्याच साली सरकारने कॅप्टन बिग्ज यांना विजापूर, बदामी, ऐहोळे इथल्या जुन्या इमारती टिपायला धाडलं. म्हणजे हौसेच्या आसपासच वर्ग निघाला, धंदा उभा राहिला आणि सरकारी कामही आलं.

डकवलेले फोटो

सभेत मांडलेला फोटो सभेपुरताच राहतो. तो गावोगावच्या हौशी मंडळींपर्यंत न्यायचा कसा? यावर विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी तोड काढली. डिसेंबर १८५६पासून त्यांनी ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ हे मासिक चालवलं. त्याला सोसायटीचा आश्रय होता. प्रत्येक अंकात तीन फोटो आणि त्यांच्याबद्दलचा मजकूर.

इथे ‘फोटो’ म्हणजे छापलेलं चित्र नव्हे. फोटो शाईने छापण्याची सोपी रीत अजून हाती आलेली नव्हती. अंकाच्या जितक्या प्रती, तितक्या वेळा प्रत्येक निगेटिव्हखाली अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला कागद ठेवायचा, चौकट उन्हात मांडायची, चित्र पुरेसं उमटलं की कागद काढून धुवायचा, वाळवायचा आणि पानावर डकवायचा. ढगाळ दिवशी काम अडायचं. पावसाळ्याचं तर विचारूच नका. आज बोटाच्या एका टिचकीत जे होतं, त्याला तेव्हा ऊन, पाणी, खळ आणि पुष्कळ सवड लागे. १८५८पर्यंत हा उद्योग चालला. जॉन्सनने पुढे १८६३ आणि १८६६मध्ये मुंबईतल्या जातीजमातींवर दोन खंड काढले. त्यांत स्टुडिओत टिपलेली माणसं निराळ्याच दृश्यांवर बेमालूम बसवलेली आहेत. ‘हा फोटो खरा की जोडलेला’ ही कुरबूर संगणकाच्या कितीतरी आधीची आहे, ती अशी.

कलकत्त्याचा धडा

मुंबईपाठोपाठ दोन-तीन वर्षांत कलकत्ता आणि मद्रास इथेही सोसायट्या निघाल्या. कलकत्त्याच्या सोसायटीत विद्वान राजेंद्रलाल मित्र पदाधिकारी होते. १८५७मध्ये एका जाहीर सभेत त्यांनी निळीच्या गोऱ्या मळेवाल्यांवर टीका केली. सोसायटीतल्या युरोपीय सभासदांना ती झोंबली आणि राजेंद्रलालांना काढून टाकण्यात आलं. त्यांच्या फोटोंबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती.

छंदाच्या मंडळात ‘इथे फक्त फोटोबद्दल बोलायचं’ असा अलिखित करार असतो. बाहेर वादळ उठलं की तो पाळायचा कुणी, हे खुर्च्या कुणाच्या त्यावर ठरतं. टीका ऐकून घ्यायला जमलेल्या माणसांनाच एक टीका सोसली नाही, एवढं या प्रकरणातून लक्षात राहावं.

मुंबईच्या सोसायटीचा पहिला बहरही १८६०च्या दशकात ओसरला. फोटोग्राफी आता स्टुडिओवाल्यांचा धंदा झाली होती.

सलाँ, मंडळ आणि टपालातला डबा

हौशी माणूस परत आला तो कोडॅकमुळे. १८८८चा पहिला कोडॅक कॅमेरा शंभर फोटोंची फिल्म भरूनच मिळे. सगळे फोटो काढून झाले की कॅमेराच कारखान्यात पाठवायचा. १९००मध्ये ब्राउनी आला, किंमत एक डॉलर. रसायनांची कटकट गेली आणि फोटो काढणाऱ्यांची रांग लागली. त्या रांगेतून वेगळं दिसायचं असेल तर फोटो ‘चित्रासारखा’ हवा, ही ओढ इथून वाढली.

मुंबईत १९३२मध्ये ‘कॅमेरा पिक्टोरिअलिस्ट्स ऑफ बॉम्बे’ आणि १९३७मध्ये ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया’ उभी राहिली, ती या वातावरणात. चित्रकारांच्या प्रदर्शनांवरून घेतलेला ‘सलाँ’ हा शब्द इथे रुळला. परीक्षक बसायचे, गुण द्यायचे, निवडलेले प्रिंट भिंतीवर लागायचे. पहाटेचं धुकं, गोठ्यात तिरपं आलेलं ऊन, धुळीतून परतणारी गुरं, शिडाची होडी हे विषय इतके चालले की पुढच्या पिढ्यांना त्यांचा कंटाळा आला. तरी प्रिंट करण्यातली त्या मंडळींची हातोटी नाकारता येत नाही. एन्लार्जरखाली हाताच्या सावलीने आकाश किती गडद करायचं आणि चेहरा कुठे उजळ ठेवायचा, याचा अंदाज त्यांच्या बोटांत होता.

मोठ्या शहरात न राहणाऱ्यांसाठी टपाल होतं. ब्रिटनमधून आलेली ‘पोस्टल पोर्टफोलिओ’ची पद्धत अशी: सभासदांच्या यादीप्रमाणे एक डबा टपालाने फिरत राहतो. तो आपल्याकडे आला की इतरांचे फोटो बघायचे, सोबतच्या वहीत प्रत्येकावर शेरा लिहायचा, आपला फोटो ठेवायचा आणि डबा पुढच्या पत्त्यावर धाडायचा. फेरी पुरी होऊन परत आला की आपल्या फोटोवरचे शेरे वाचायचे, जुना फोटो काढून नवा ठेवायचा. समोरासमोर गाठ नसल्यामुळे शेरे रोखठोक असत.

बनारसजवळच्या रामनगरात १९१९ साली जन्मलेल्या मनोबीना आणि देबलीना या जुळ्या बहिणी संयुक्त प्रांतातल्या अशाच एका टपाली मंडळाच्या सभासद होत्या. वडिलांनी बाराव्या वाढदिवशी दोघींच्या हातात कॅमेरे दिले होते. त्या काळी मुलींनी परक्या पुरुषांच्या सभेला जाऊन फोटोवर वाद घालणं अवघड होतं. डबा मात्र थेट घरी येई आणि वहीत त्यांच्या शेऱ्याला इतरांइतकीच जागा असे. मनोबीना पुढे चित्रपट दिग्दर्शक बिमल रॉय यांच्या पत्नी झाल्या, मुंबईत राहिल्या आणि फोटो काढत राहिल्या.

क्लिक थ्री ते स्लाइड

स्वातंत्र्यानंतर मंडळांना देशपातळीवर बांधणारी ‘फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी’ १९५३मध्ये निघाली. त्याआधी १९५०मध्ये ‘फियाप’ हा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला होता. त्याच्या सलाँमध्ये फोटो स्वीकारले जाऊन नावापुढे ‘ए-फियाप’ लावायला मिळणं ही हौशी मंडळींत मानाची गोष्ट ठरली.

मध्यमवर्गीय घरात तेव्हा कॅमेरा म्हणजे बहुधा आगफाचा क्लिक थ्री, बडोद्यात तयार होणारा. एका रोलवर बारा फोटो. आयात फिल्म महाग आणि दुर्मीळ. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ आल्यावर कृष्णधवलची थोडी सोय झाली. बारांतले चार मुंजीत गेले, दोन हलले, तर मंडळात न्यायला उरलेल्या सहांतून एक निवडायचा. पुढे रंगीत स्लाइड आल्या आणि सभा अंधारात भरू लागल्या. प्रोजेक्टर खट्ट करून पुढची स्लाइड आणी आणि टीका करणाऱ्याचा चेहरा दिसत नसल्यामुळे टीकेला जरा धार चढे.

आता

फिल्म गेली, डिजिटल आलं, आणि मंडळांचं काम उलटं झालं. फोटो मिळवणं सोपं झालं, तो निवडणं कठीण. एका सकाळच्या पक्षिनिरीक्षणात हजारभर फोटो सहज निघतात. त्यांतला एकच आणा, असं मंडळ सांगतं तेव्हा सभासदाला घरी बसून नऊशे नव्व्याण्णव नाकारावे लागतात. शिक्षण तिथेच निम्मं होतं.

उरलेलं सभेत होतं. फोटो पडद्यावर येतो, काढणारा गप्प बसतो. ‘डाव्या कोपऱ्यातली पांढरी पिशवी नजर ओढतेय.’ ‘क्षितिज तिरकं आहे.’ ‘खालचा चतुर्थांश कापून बघा.’ कुणी हात आडवा धरून फोटोचा तळ झाकून दाखवतो आणि चौकट आपोआप आवळल्यासारखी होते. स्पर्धेच्या निसर्ग विभागात काही जोडलं-पुसलं तर फोटो बाद, म्हणून तिथे प्रश्न वेगळे येतात: पक्षी घरट्यावर होता का, जवळ जाताना तो उठला का? आपल्याला आवडलेला फोटो इतरांना का आवडला नाही, हे माणूस निमूट ऐकतो. फोनवरच्या शेकडो अंगठ्यांतून हे कळत नाही. सगळे अंगठे सारखेच असतात.

एक गोष्ट मात्र मंडळांनी मनावर घ्यायला हवी. नारायण दाजींनी सोसायटीत फोटो मांडले हे आज सांगता येतं, कारण त्या सोसायटीने आपलं कामकाज छापून ठेवलं. आजच्या मंडळाकडे विजेत्या फोटोंची फाइल असते. कोणता फोटो का बाद झाला, कुणी काय सुचवलं, पुढच्या महिन्यात सभासदाने काय बदलून आणलं, याची नोंद कुठेच नसते. या शेऱ्यांशिवाय मंडळ म्हणजे नुसती फोटोंची भिंत. म्हणून कार्यकारिणीत सचिव, खजिनदार यांच्याबरोबर एक शेरेनोंदणीस नेमावा. खर्च वहीपुरता, आणि पन्नास वर्षांनी मंडळाची वाटचाल लिहायला बसणाऱ्याला सर्वांत आधी तीच वही लागेल.