'पी सिग्नी' रेषाकृतीची कुळकथा

ताऱ्याच्या वर्णपटात एक तेजस्वी रेषा आणि तिच्या निळ्या बाजूला लागूनच एक काळी खाच दिसली, तर त्या जोडीला खगोलशास्त्रात 'पी सिग्नी रेषाकृती' म्हणतात. हे नाव हंस तारकासमूहातील एका ताऱ्यावरून आले आहे. डच नकाशाकार विलेम ब्लाऊ याला १८ ऑगस्ट १६०० रोजी तो तारा तिसऱ्या प्रतीच्या तेजाने प्रथम दिसला, आणि योहान बायरने १६०३ च्या आपल्या नकाशासंग्रहात त्याला 'पी' हे अक्षर दिले. १६२६ च्या सुमारास तो नुसत्या डोळ्यांना दिसेनासा झाला, १६५५ मध्ये पुन्हा उजळला आणि अनेक चढउतारांनंतर १७१५ पासून पाचव्या प्रतीच्या आसपास स्थिरावला.

काळ्या खाचेचा अर्थ उलगडण्यास मात्र वर्णपटशास्त्राची वाट पाहावी लागली. ताऱ्यातून सर्व दिशांना वायू सुटत असेल, तर भोवतालच्या वायूच्या प्रकाशातून तेजस्वी रेषा उमटते. तारा आणि निरीक्षक यांच्यामधला वायू मात्र निरीक्षकाकडे येत असल्यामुळे, डॉप्लर परिणामानुसार, ताऱ्याचा प्रकाश थोड्या लहान तरंगलांबीवर शोषतो आणि निळ्या बाजूला खाच पडते. खाचेची निळी कड या सुटणाऱ्या वायूचा, म्हणजे ताऱ्याच्या वाऱ्याचा, कमाल वेग सांगते. पी सिग्नीच्या बाबतीत तो सेकंदाला सुमारे २०० किलोमीटर भरतो.

१९६७ मध्ये डोनाल्ड मॉर्टन यांनी अग्निबाणातून घेतलेले मृग नक्षत्रातील उष्ण ताऱ्यांचे अतिनील वर्णपट प्रसिद्ध केले, तेव्हा हीच आकृती सेकंदाला हजार किलोमीटरहून अधिक वेगाची साक्ष देत होती. हा वेग ताऱ्याच्या प्रकाशामुळेच येतो: लोहासारख्या मूलद्रव्यांचे अणू ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषतात आणि त्याच्या रेट्याने बाहेर ढकलले जातात. वेग वाढताच त्यांची शोषणाची तरंगलांबी सरकते व आधी न शोषला गेलेला प्रकाश त्यांना मिळत राहतो, हे कॅस्टर, अॅबट आणि क्लाइन यांनी १९७५ मध्ये गणिताने मांडले.

पीटर कॉन्टी यांनी १९८४ मध्ये पी सिग्नीसारख्या ताऱ्यांच्या वर्गाला 'दीप्तिमान निळे रूपविकारी' हे नाव दिले. त्यांच्या नेहमीच्या तेजबदलात ताऱ्याचे दृश्य पृष्ठ फुगून थंडावते, त्यामुळे अतिनील भागातला प्रकाश दृश्य भागात येतो आणि एकूण ऊर्जा फारशी न बदलताही तारा उजळ भासतो. महाउद्रेकात मात्र द्रव्यच मोठ्या प्रमाणावर फेकले जाते. प्रचंड ताऱ्याचा शेवट कसा होईल हे त्याने आयुष्यभरात किती द्रव्य गमावले यावर बरेच अवलंबून असते, आणि तो हिशेब मांडण्याचे एक मुख्य साधन आजही ही रेषाकृतीच आहे.