देवघेवीची नोंदवही



ग्रंथालयाचा इतिहास सांगताना आपण स्थापनेची तिथी सांगतो, संस्थापकांची नावे घेतो आणि ग्रंथसंख्या सांगून थांबतो. वार्षिक अहवालात आणखी एक आकडा असतो, त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. वर्षभरात किती पुस्तके घरी गेली आणि परत आली, हा तो आकडा. आदिलाबादसारख्या सीमेवरच्या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या आकड्यात बरेच वाचता येईल, म्हणून त्याविषयी थोडे लिहितो.

मराठी मुलखात वाचनालये जुनी आहेत. रत्नागिरीचे 1828 चे, नाशिकचे 1840 चे, पुण्याचे 1848 चे. त्या काळच्या अशा बऱ्याच संस्था इंग्रज अधिकाऱ्यांच्या उत्तेजनाने निघाल्या आणि त्यांत इंग्रजी ग्रंथांना मान मोठा होता. 1 जून 1893 रोजी ठाण्याला मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले ते वेगळ्या हेतूने. छापलेले प्रत्येक मराठी पुस्तक एका छपराखाली यावे, हा तो हेतू. संस्थापकांपैकी विनायक लक्ष्मण भावे तेव्हा नुकतीच विशी ओलांडलेले होते. पुढे त्यांनीच ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिले. पाच वर्षांनी, 1898 मध्ये, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले.

‘संग्रहालय’ हा शब्द जपण्याचा आहे. पण जपण्याचा खर्च भागवायचा कसा? तो भागतो सभासदाच्या वर्गणीतून, आणि सभासद वर्गणी भरतो ती पुस्तक घरी नेता यावे म्हणून. तेव्हा एकाच संस्थेला दोन कामे करावी लागतात: दहा वर्षांत एकदाच मागितले जाणारे पुस्तक सांभाळायचे, आणि ज्यासाठी चौघे रांगेत आहेत ते पुस्तक वेळेवर फिरते ठेवायचे. नुसत्या कादंबऱ्या नेणाऱ्या वाचकाला जुन्या पिढीने पुष्कळ नावे ठेवली. पण ग्रंथालयातले कोश, बखरी आणि संतवाङ्मयाच्या जाड प्रती ज्या पैशावर टिकल्या, त्यात त्याच्या वर्गणीचा वाटा मोठा आहे. केतकरांच्या ज्ञानकोशाचे 23 खंड किती घरांना परवडणार होते? ते सामान्य वाचकाच्या हाताशी आले ते ग्रंथालयामुळेच.

देवघेवीचे वर्ष एकसारखे चालत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत बालविभागाची कपाटे रिकामी होतात. पावसाळ्यात जाड पुस्तके बाहेर पडतात. दिवाळीला तर वेगळाच हंगाम असतो. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने 1909 मध्ये दिवाळी अंकाची चाल पाडली, आणि पुढे वाचनालयांनी अंकांसाठी स्वतंत्र वर्गणीची सोय केली; एक अंक दहा घरे फिरून परत येतो तो मुखपृष्ठ सुटलेल्या अवस्थेत. मग मार्चअखेर मोजदाद: हरवलेली पुस्तके, बांधणीला द्यायची पुस्तके, थकलेली वर्गणी. नोंदवहीत दिसते तेवढेच वाचन असेही समजू नये. कार्ड घरातल्या एकाच्या नावावर असते. पुस्तक आजी वाचते, सून वाचते, दुपारी शेजारीणही वाचते. त्यांतल्या कोणाचेच नाव वहीत येत नाही. उलट, नेलेले पुस्तक न उघडता परत करणारेही असतात.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. निजामी राज्यात कचेरीची भाषा उर्दू होती. अशा वेळी तेलुगू आणि मराठी वाचकांना मातृभाषेसाठी जागा हवी होती, ती ग्रंथालयांनी दिली. 1 सप्टेंबर 1901 रोजी हैदराबादेत श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम् स्थापन झाले; 1904 मध्ये हनमकोंड्याला राजराज नरेंद्र आंध्र भाषा निलयम्. हैदराबादच्या निलयम्‌साठी झटणाऱ्यांत कोमर्राजू वेंकट लक्ष्मणराव होते. त्यांचे शिक्षण नागपुरात झाले, आणि ते मराठीतही लिहीत. तेलुगू ग्रंथालय चळवळीचा एक धुरीण मराठी वाचत वाढला, ही गोष्ट आपल्या घरांत सांगितली पाहिजे. 1931 चे मराठी साहित्य संमेलन हैदराबादेत भरले आणि अध्यक्ष होते ते ज्ञानकोशकार केतकर.

1956 च्या राज्यपुनर्रचनेत रेषा बदलल्या. किनवट आणि राजुरा आदिलाबादेतून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले; नांदेडचा मुधोळ तालुका, भैंशासह, आदिलाबादेत आला. किनवट आजही आदिलाबाद–मुदखेड लोहमार्गावरच आहे, पण ग्रंथालयांचे कायदे दोन झाले. महाराष्ट्राने 1967 च्या कायद्यात ग्रंथालय कर लावला नाही. लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान दिले. इकडे 1960 च्या आंध्र प्रदेश कायद्याने घरपट्टीवर ग्रंथालय उपकर आला आणि जिल्हा ग्रंथालय संस्था उभ्या राहिल्या. पुढे तेलंगण झाले, 2016 मध्ये आदिलाबादचे चार जिल्हे झाले, तरी उपकराची ती रीत राहिली.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. किनवटचा वाचक वर्गणी भरून हक्क मिळवतो. आपण घरपट्टीबरोबर तो आधीच भरतो आणि बहुधा मागायला जातच नाही. मराठी पुस्तकाला मागणी नाही, असे कोणी म्हणाले की आपण दुखावतो. पण मागणी मोजतात ती देवघेवीच्या नोंदीवरून. वर्षभर मराठी कपाटातले एकही पुस्तक बाहेर गेले नाही, तर पुढच्या खरेदीत मराठीसाठी पैसे ठेवा असे ग्रंथपालाने कशाच्या आधारावर सांगावे?

आपली मुले तेलुगू आणि इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यात वाईट काही नाही. लक्ष्मणराव तर दोन्ही भाषांचे धनी होते. पण बोलीतली मराठी घरात टिकते, छापील मराठीला डोळ्यांची सवय लागते. ती सवय माळ्यावरच्या पेटीतल्या आजोबांच्या पुस्तकांनी लागणार नाही. ज्या पुस्तकावर परतीची तारीख असते, ते वाचून होते.

म्हणून या वर्षापुरते एवढे करावे. आपल्या गावच्या ग्रंथालयात घरातल्या प्रत्येकाच्या नावे सभासदत्व घ्यावे, सासू-सुनांच्याही. हवे ते मराठी पुस्तक लेखी मागावे. नेलेले पुस्तक तारखेच्या आत परत करून दुसरे न्यावे. पुढे कोणी या जिल्ह्यातील मराठीचा इतिहास लिहायला बसेल, तेव्हा सभांच्या छायाचित्रांबरोबर ती नोंदवहीही तो उघडील. तिच्यात आपली नावे असावीत.