पहिल्या संगीतीतील आनंद : आक्षेप आणि उत्तर

तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतरच्या पहिल्याच वर्षावासात राजगृह येथे 500 भिक्षूंची धम्मसंगीती भरली. स्थविर महाकाश्यपांच्या पुढाकाराने उपालींनी विनयाचे व आनंदांनी धम्माचे संगायन केले, एवढे बहुतेक उपासकांस ठाऊक असते. त्याच सभेत स्थविरांनी आनंदांवर 5 आक्षेप ठेवले, ही चुल्लवग्गातील नोंद मात्र क्वचितच चर्चिली जाते.

आक्षेप असे होते : क्षुद्रानुक्षुद्र शिक्षापदे कोणती, हे आनंदांनी भगवंतांस विचारून घेतले नाही. भगवंतांची वर्षासाटिका शिवताना तिच्यावर पाय दिला. पार्थिवाचे प्रथम वंदन स्त्रियांना करू दिले व त्यांच्या अश्रूंनी देह भिजला. कल्पभर राहण्याची विनंती भगवंतांस केली नाही. स्त्रियांना प्रव्रज्या मिळावी म्हणून खटपट केली. 25 वर्षे भगवंतांची सेवा केलेल्या भिक्षूस भर सभेत हे ऐकावे लागले.

आनंदांनी प्रत्येक आक्षेपाचे कारण सांगितले. शिक्षापदांविषयी विचारायचे स्मरण राहिले नाही, हे त्यांनी सरळ मान्य केले. वस्त्रावर पाय पडला त्यात अनादर नव्हता. स्त्रियांना परतण्यास अवेळ होऊ नये, म्हणून त्यांना प्रथम वंदन करू दिले. प्रव्रज्येविषयी त्यांनी महाप्रजापती गौतमीच्या मातृवत् उपकारांचे स्मरण दिले. प्रत्येक उत्तराच्या शेवटी त्यांचे म्हणणे एकच होते : यात मला दुक्कट दिसत नाही, तथापि स्थविरांवरील श्रद्धेने मी ते दुक्कट म्हणून स्वीकारतो.

दोष दिसत नाही, तर स्वीकार कशासाठी? शास्ता नुकताच गेलेला होता. वाद मिटविण्यास संघाखेरीज कोणी उरले नव्हते. आनंदांनी संघाचा मान राखला आणि स्वतःचा विवेकही सोडला नाही. त्यांनी आक्षेपकांच्या हेतूवर संशय घेतला नाही, तसेच स्वतःस पापीही ठरविले नाही. स्त्रियांच्या प्रव्रज्येसाठी केलेल्या प्रयत्नांबद्दल त्यांनी पश्चात्ताप व्यक्त केला नाही. भिक्षुणीसंघ पुढेही टिकला; सांची व कान्हेरी येथील दानलेखांत भिक्षुणींचे उल्लेख आजही वाचावयास मिळतात.

याच प्रकरणात पुढे छन्न भिक्षूंची कथा येते. कोणाचेही बोलणे ऐकून न घेणाऱ्या छन्नांना भगवंतांनी ब्रह्मदंड सांगून ठेवला होता : त्यांच्याशी कोणी बोलू नये, त्यांना उपदेश करू नये. हा दंड कळविण्याचे काम स्थविरांनी आनंदांवरच सोपविले. ज्यांच्यावर आक्षेप ठेवले, त्यांच्यावरील संघाचा विश्वास कमी झाला नव्हता, हे येथे स्पष्ट होते. कौशांबीच्या घोषितारामात दंड ऐकताच छन्न मूर्च्छित झाले. पुढे एकांतात उद्योग करून त्यांनी अर्हत्पद मिळविले आणि दंड आपोआप संपला.

विनयातील हा कठोर दंड म्हणजे टीका बंद होणे होय, हे मननीय आहे. आपल्या विहार समित्यांत हिशेबावर प्रश्न निघाला की कोणी चिडतो, कोणी राजीनामा देऊन घरी बसतो. राजगृहाच्या सभेत आनंदांनी यांपैकी काहीच केले नाही. त्यांनी कारण सांगितले, संघाचा शब्द मानला आणि पुढील कामास ते कौशांबीला निघाले.