सिलेक्शन (छायाचित्र-संपादन)

सिलेक्शन : छायाचित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पुढची क्रिया चित्राच्या कोणत्या भागावर आणि किती प्रमाणात व्हावी हे ठरवणारा नकाशा. यातला ‘किती प्रमाणात’ हा अंश बहुतेक मार्गदर्शिकांतून गळलेला असतो. तिथे सिलेक्शन म्हणजे वस्तूभोवती आखलेली रेघ, आणि रेघ जितकी बारीक तितके काम चोख, असे धरून चालतात. फोटोशॉप किंवा गिम्पमध्ये (पेन टूलने आखलेल्या पाथचा अपवाद सोडता) रेघ अशी काही साठवली जात नाही. साठवले जाते ते चित्राच्याच मापाचे एक करडे चित्र, म्हणजे मास्क. ८ बिटांच्या फाइलमध्ये त्यात प्रत्येक पिक्सेलला ० ते २५५ यांपैकी एक आकडा असतो : ० म्हणजे पूर्ण बाहेर, २५५ म्हणजे पूर्ण आत, मधले सगळे अंशतः. सिलेक्शन अचूक आहे की नाही, याचा निकाल या मधल्या आकड्यांवर लागतो; कडेच्या धारेवर नव्हे.

इतिहास : छपाईच्या कॅमेऱ्याच्या काळात हे काम रुबिलिथ नावाच्या लाल पारदर्शक पटलाने होई. ब्लेडने हलका छेद देऊन नको तेवढे लाल आवरण सोलून काढत. लिथ फिल्मला लाल प्रकाश दिसत नाही, त्यामुळे उरलेला लाल भाग तिच्या लेखी काळाच. फोटोशॉपच्या क्विक मास्कमध्ये न निवडलेला भाग आजही लाल दिसतो, तो याच पटलाचा वारसा. ब्लेडची कड मात्र एकतर आत किंवा बाहेर. अर्धवट काही नाही. अर्धवटाची सोय संगणकात आली ती चलच्चित्रांच्या बाजूने. अल्फा चॅनेलची, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचे हे प्रमाण वेगळे साठवण्याची, कल्पना सामान्यतः एड कॅटमल आणि ॲल्व्ही रे स्मिथ यांच्या नावे नोंदवतात (न्यू यॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, १९७० च्या दशकाची अखेर). तिचे गणित थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये शोधनिबंधात बांधून दिले. त्याच वर्षी ॲपलच्या मॅकिंटॉशबरोबर बिल ॲटकिन्सन यांचे मॅकपेंट आले. लॅसो आणि निवडीच्या कडेने सरकणाऱ्या तुटक रेघा, म्हणजे ‘चालत्या मुंग्या’, लोकांना परिचित झाल्या त्या तिथून. मॅकपेंटमध्ये पिक्सेल काळा किंवा पांढरा, तिसरी अवस्था नव्हती. तिथे रेघेने सगळे सांगून होत असे. थॉमस आणि जॉन नोल या भावांचे फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आले तेव्हा त्यात आतला साठा २५६ पायऱ्यांचा राहिला आणि पडद्यावरची खूण मात्र दोन पायऱ्यांच्या काळातली. आजचा बराचसा घोटाळा या जोडणीतून आला आहे. मुंग्या फक्त ५० टक्के किंवा त्याहून अधिक निवडलेल्या भागाभोवती फिरतात. ४० टक्के निवडलेला पिक्सेल पडद्यावर बाहेरचा दिसतो, पण क्रिया त्याच्यावरही होते. फेदर दिलेल्या (कड हळूहळू विरत नेलेल्या) सिलेक्शनची कड मुंग्यांवरून जोखणे म्हणूनच व्यर्थ आहे. ती मास्कमध्येच पाहावी.

कडेचा पिक्सेल : उजळ आकाशासमोर काळे केस आहेत असे समजा. केसाचे मूल्य ३०, आकाशाचे २३०. एका पिक्सेलच्या निम्म्या भागात केस असेल, तर (गॅमाचा हिशेब बाजूला ठेवून) कॅमेरा तिथे १३० नोंदवतो. हे केस उचलून ४० मूल्याच्या गडद पार्श्वभूमीवर ठेवायचे आहेत. बरोबर उत्तर ३५. रेघ मारून तो पिक्सेल पूर्ण आत घेतला तर १३० तसेच राहते : गावोगावच्या फ्लेक्सवर नेतेमंडळींच्या डोक्याभोवती जी पांढुरकी झालर दिसते ती हीच. पिक्सेल पूर्ण वगळला तर केस कातरल्यासारखे होतात. ५० टक्के निवडला तरी ८५ येते, कारण त्या १३० मध्ये जुने आकाश मुरलेले आहे. सिलेक्शन अचूक असूनही निकाल चुकतो, तो इथे. कडेच्या पिक्सेलमधून जुना रंग काढून टाकणे ही वेगळी पायरी आहे, आणि त्यासाठी फोटोशॉपच्या सिलेक्ट अँड मास्कमध्ये डीकंटॅमिनेट कलर्सची सोय आहे. मुळात प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा अशी तीन मूल्ये माहीत असतात आणि शोधायची असतात सात : पुढच्या वस्तूचे तीन रंग, मागचे तीन आणि प्रमाण. एकमेव उत्तर गणितातून निघूच शकत नाही. मागचा रंग आधीच ठरवून टाकणारा हिरवा पडदा चित्रपटांत म्हणूनच टिकला.

साधने : मॅजिक वाँड टिचकी मारलेल्या पिक्सेलशी मिळतीजुळती मूल्ये गोळा करते, टॉलरन्स मुळात ३२ असतो. मॅग्नेटिक लॅसो कडेला चिकटत जातो. कडेच्या मागे आपोआप जाणारी ‘बुद्धिमान कात्री’ एरिक मॉर्टेन्सन आणि विल्यम बॅरेट यांनी १९९५ मध्ये मांडली होती. जाणकार हाताला मात्र चॅनेल, म्हणजे लाल, हिरव्या, निळ्या मूल्यांची वेगवेगळी करडी चित्रे, जवळचे वाटतात. निळ्या आकाशासमोरचे काळे केस निळ्या चॅनेलमध्ये सर्वांत उठून दिसतात. त्याची प्रत करायची, लेव्हल्सने आकाश पांढरे आणि केस काळे होईपर्यंत ताणायचे, चेहऱ्याच्या आतली पांढरी छिद्रे ब्रशने बुजवायची, उलटवायचे आणि कंट्रोल दाबून चॅनेलवर क्लिक करायचे. मधल्या करड्या पायऱ्या चित्रातूनच येतात, हातापेक्षा खऱ्या असतात. फक्त लेव्हल्स जास्त ताणले की त्याच पायऱ्या मरतात; शिवाय निळ्या चॅनेलमध्ये दाणे अधिक असतात आणि जेपेग रंगाचे तपशील आधीच पातळ करते.

आक्षेप : कॅटलॉगचे काम करणारे म्हणतील, पेन टूलने मारलेल्या पाथइतके नेमके काही नाही. भांडी, बाटल्या, यंत्रांचे सुटे भाग यांच्या बाबतीत हे मान्य केलेच पाहिजे. बेझिए वक्र कितीही मोठा केला तरी फाटत नाही आणि दुरुस्त करता येतो. पण पाथचे सिलेक्शन करताना सॉफ्टवेअर कडेच्या पिक्सेलना अंशतःच निवडते, म्हणजे पाथही अखेर त्याच करड्या नकाशात उतरतो. पाथ कुठे जावा हेही भिंगाच्या धूसरपणामुळे पूर्ण निश्चित नसते. एक-दोन पिक्सेल आतून मारण्याची कारागिरांची रीत हीच अडचण मान्य करते. दुसरा आक्षेप नव्या साधनांचा : सिलेक्ट सब्जेक्ट २०१८ पासून फोटोशॉपमध्ये आहे, मेटाचे सेगमेंट एनिथिंग २०२३ मध्ये आले, मग हा खटाटोप कशाला? वस्तू कोणती हे ही साधने झटकन ओळखतात, यात वाद नाही. पण सेगमेंट एनिथिंगच्या पहिल्या आवृत्तीत मास्क मुळात २५६ × २५६ पिक्सेलचा तयार होतो आणि मग मोठा केला जातो. ६००० पिक्सेल रुंद छायाचित्रात त्यातल्या एका घराखाली वीसहून अधिक पिक्सेल येतात. केसांची बट त्यात मावत नाही. ‘वस्तू कोणती’ आणि ‘पिक्सेलमध्ये तिचा वाटा किती’ हे दोन प्रश्न आहेत. दुसऱ्यासाठी मॅटिंगची, म्हणजे हा वाटा काढण्याची, वेगळी प्रारूपे आहेत आणि ती झपाट्याने सुधारत आहेत.



साठवण : सिलेक्शन अल्फा चॅनेल म्हणून पीएसडी आणि टिफमध्ये राहते. पीएनजीमध्ये ते पारदर्शकता होऊन उतरते. जेपेगमध्ये अल्फाला जागा नाही, पाथ मात्र राहू शकतो. जिफमध्ये पिक्सेल पूर्ण पारदर्शक किंवा पूर्ण अपारदर्शक. मधली पायरी नाही.