फोर-व्हील-ड्राइव्ह असूनही गाडी चिखलात का रुतते?
डिफरन्शियल बदलण्यापूर्वी वाहनधारकांनी जाणून घ्यावे असे काही

प्रतिनिधी, गोंदिया

रोवणीचे दिवस आले की गोंदिया जिल्ह्यातील बांध्यांमध्ये ट्रॅक्टर गुडघाभर चिखलातून सहज फिरताना दिसतात. त्याच बांधीला लागून असलेल्या पांदण रस्त्यावर लाखो रुपये मोजून घेतलेली फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी मात्र अनेकदा अडकून पडते. पुढचे एक आणि मागचे एक चाक जागच्या जागी गरगर फिरते. उरलेली दोन चाके कोरड्या जमिनीवर असूनही हलत नाहीत. चारही चाकांना ताकद मिळत असताना असे का व्हावे, असा प्रश्न वाहनधारकाला पडतो. या प्रश्नाचे उत्तर इंजिनात नाही. ते डाव्या व उजव्या चाकांच्या मधोमध बसवलेल्या गिअरच्या संचात, म्हणजेच डिफरन्शियलमध्ये आहे.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला गोंदिया हा धानाचा आणि तलाव-बोड्यांचा जिल्हा. येथे वर्षाला १२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. येथील कन्हार माती भिजली की टायरला अक्षरशः लिंपून बसते. देवरी आणि सालेकसा तालुक्यांत त्यात डोंगराळ, दगडगोट्यांच्या वाटांची भर पडते. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ सोडून आडवाटेला लागणाऱ्याला गाडीच्या पकडीचा विचार करावाच लागतो. अशा वेळी 'डिफरन्शियल लॉक बसवून घ्या' हा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा नाही. परंतु कोणते लॉक, कोणत्या एक्सलवर आणि कोणत्या गाडीत, याचा विचार न केल्यास पैसे वाया जातात आणि ओल्या डांबरी रस्त्यावर जिवाशीही गाठ पडू शकते.

डिफरन्शियल करते काय?

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या बाजूचे चाक आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापते. डाव्या-उजव्या चाकांतील अंतर दीड मीटर असेल, तर गाडीने एक पूर्ण वर्तुळ घेताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे ९.४ मीटर जास्त धावते. दोन्ही चाके एकाच दांड्याला पक्की जोडली, तर त्यातील एकाला रस्त्यावर घासत जावे लागेल. ही अडचण दूर करण्यासाठी फ्रान्समधील घड्याळजी ओनेसिफोर पेक्योर याने १८२० च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी डिफरन्शियलचे पेटंट घेतले. आजच्या गाड्यांतील रचनेचे मूळ तत्त्व तेच आहे.

मात्र या सोयीला एक किंमत आहे. साधे, म्हणजे 'ओपन' डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते, पण जोर मात्र दोघांनाही सारखाच देते. उदाहरणादाखल असे समजू, की चिखलातील चाक जास्तीत जास्त २०० न्यूटन-मीटर जोर पेलू शकते आणि कोरड्या जमिनीवरचे १२००. साध्या डिफरन्शियलमध्ये चांगल्या चाकालाही २०० च मिळतात. एकूण जोर होतो ४००. अॅक्सिलरेटर कितीही दाबला, तरी वाढते ती फक्त घसरणाऱ्या चाकाची गती. हेच डिफरन्शियल लॉक केले, की प्रत्येक चाक आपल्या पकडीनुसार जोर घेते आणि एकूण जोर १४०० पर्यंत जातो. लॉकचे सारे महत्त्व या फरकात आहे.

'फोर-व्हील' आणि 'ऑल-व्हील'

जीप, जिप्सी, थार यांसारख्या गाड्यांत गरजेपुरते फोर-व्हील-ड्राइव्ह असते. ट्रान्स्फर केसचा लिव्हर ओढला, की पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांशी पक्के जोडले जातात. दोन्ही एक्सलवरील डिफरन्शियल मात्र साधीच असतील, तर पुढचे एक व मागचे एक चाक घसरताच गाडी थांबते. खोल चाकोरी तिरकी ओलांडताना समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन चाके उचलली जातात, तेव्हा नेमके हेच घडते.

ऑल-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत रचना वेगळी असते. काहींमध्ये पुढच्या व मागच्या एक्सलच्या मध्ये तिसरे डिफरन्शियल असते, तर रेनॉ डस्टर किंवा मारुती ग्रँड व्हिटारा यांच्या ऑल-व्हील-ड्राइव्ह आवृत्त्यांत विजेवर नियंत्रित होणारा क्लच असतो. या गाड्यांतील 'लॉक' या शब्दाने अनेकांची फसगत होते. हे बटण पुढचा आणि मागचा एक्सल यांतील जोड घट्ट करते. डाव्या-उजव्या चाकांमधील डिफरन्शियल लॉक करत नाही. गाडीच्या पुस्तिकेत लॉक नेमके कशाचे आहे, हे पाहिल्याशिवाय कोणत्याही बदलाचा विचार करू नये.

ट्रॅक्टरकडे सारे काही आधीच होते

शहरी वाहनधारकाला नवलाचे वाटणारे हे तंत्र धान उत्पादक शेतकऱ्याच्या टाचेखाली अनेक वर्षांपासून आहे. ट्रॅक्टरच्या चालकाच्या पायाशी डिफरन्शियल लॉकचे पेडल असते. एक चाक फिरू लागले, की ते दाबायचे, सरळ बाहेर निघायचे आणि वळण्यापूर्वी सोडायचे. शिवाय ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. घसरणाऱ्या चाकाचाच ब्रेक दाबला, तर डिफरन्शियलला विरोध मिळतो आणि दुसऱ्या चाकाकडे जोर वळतो. रस्त्यावर धावताना हे दोन्ही ब्रेक खिटीने एकत्र जोडणे बंधनकारक समजले जाते. अन्यथा ट्रॅक्टर उलटण्याचा धोका असतो. आजच्या महागड्या गाड्यांतील दोन प्रमुख उपाय, म्हणजे यांत्रिक लॉक आणि संगणकाने लावलेला एका चाकाचा ब्रेक, हे याच दोन पेडलांचे सुधारित रूप होय.

सुधारणेचे पर्याय

लिमिटेड स्लिप डिफरन्शियल : यात घर्षणाच्या चकत्या असतात. एक चाक अधिक वेगाने फिरू लागताच त्या काही प्रमाणात दोन्ही चाके बांधून ठेवतात. रस्त्यावर वागणूक सौम्य असते; पण चकत्या झिजतात आणि त्यासाठीचे विशेष तेल वेळेवर बदलावे लागते. गाळात पूर्ण अडकलेल्या गाडीला याची मदत मर्यादितच असते.

टॉर्सन किंवा गिअरवर चालणारे डिफरन्शियल : चकत्यांऐवजी यात वर्म गिअर असतात. अमेरिकेतील व्हर्नन ग्लीझमन यांच्या या कल्पनेला १९५८ मध्ये पेटंट मिळाले. हे डिफरन्शियल कमी पकडीच्या चाकाच्या काही पट जोर दुसऱ्याला देते. हे प्रमाण तिप्पट धरले, तर वरच्या उदाहरणात २०० ऐवजी ६०० मिळून एकूण जोर ८०० होईल. परंतु चाक हवेत असेल, तर शून्याची तिप्पटही शून्यच! अशा वेळी ब्रेक हलकेच दाबून चाकाला थोडा विरोध द्यावा लागतो. घाटरस्ते व ओल्या सडका यांसाठी उत्तम, खडकाळ वाटांसाठी अपुरे, असे याचे वर्णन करता येईल.

आपोआप लागणारे लॉक : महिंद्राच्या अनेक गाड्यांत दिसणारे ईटन कंपनीचे यांत्रिक लॉक या प्रकारात मोडते. दोन चाकांच्या गतीत मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला, की ते लागते. ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेग गेल्यावर ते लागू नये, अशी त्याची रचना असते. त्यामुळे चालकाला काही करावे लागत नाही. मात्र ते लागण्यासाठी चाक आधी थोडे फिरू द्यावे लागते आणि तेवढ्यात मऊ चिखलात गाडी आणखी खाली बसू शकते. याहून वेगळी, एरवी कायम लॉक राहून केवळ वळणावर सुटणारी काही परदेशी लॉक मिळतात. ती खडखड करतात आणि ओल्या डांबरी वळणावर गाडीला अनपेक्षित झटका देतात. रोजच्या वापराच्या गाडीत ती टाळावीत.

चालकाच्या हातातील लॉक : हवेच्या दाबाने, विजेने किंवा केबलने चालणारे हे लॉक हवे तेव्हा लावता येते. बंद असताना गाडी साध्या डिफरन्शियलसारखीच वागते आणि लावल्यावर दोन्ही चाके पूर्ण बांधली जातात. ऑस्ट्रेलियातील एआरबीचे एअर लॉकर यातील प्रसिद्ध नाव. त्यासाठी गाडीत छोटा कॉम्प्रेसर लागतो. चिखल आणि डांबर अशा दोन्ही ठिकाणी जाणाऱ्यांसाठी हा सर्वांत योग्य, पण खर्चिक मार्ग आहे.

ब्रेकवर आधारित नियंत्रण : यात वेगळा यांत्रिक भाग नसतो. एबीएसचे सेन्सर घसरणारे चाक ओळखतात आणि त्याचाच ब्रेक लावतात. २०२३ मध्ये भारतात आलेल्या मारुती जिम्नीत अशीच सोय आहे. दीर्घकाळ वापरल्यास ब्रेक तापतात आणि इंजिनाची काही ताकद ब्रेकवर खर्च होते. तरी मध्यम चिखलासाठी ही सोय पुरेशी ठरते.

कारखान्यातूनच मिळणारी सोय

नवी गाडी घेणाऱ्यांनी नंतर बदल करण्यापेक्षा कारखान्यातून लॉक असलेली आवृत्ती निवडणे अधिक शहाणपणाचे. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा ही पुढच्या व मागच्या अशा दोन्ही एक्सलवर लॉक देणारी मोजक्या भारतीय गाड्यांपैकी एक आहे. महिंद्रा थारच्या काही आवृत्त्यांत मागच्या एक्सलवर यांत्रिक लॉक मिळते, तर २०२४ मध्ये आलेल्या थार रॉक्सच्या फोर-व्हील-ड्राइव्ह आवृत्तीत विजेवर चालणारे लॉक आहे. महिंद्राने २०२१ मध्ये आणलेल्या बोलेरो निओच्या वरच्या आवृत्तीत तर केवळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीलाही लॉक दिले. पांदण रस्त्यापुरती गरज असेल, तर लॉक असलेली दोन चाकांची गाडीही बऱ्याचदा लॉक नसलेल्या फोर-व्हील-ड्राइव्हच्या तोडीस तोड ठरते.

पुढचे की मागचे?

एकच लॉक बसवायचे असल्यास ते मागे बसवावे. चढावर गाडीचा भार मागे सरकतो आणि जोर तेथेच उपयोगी पडतो. पुढच्या एक्सलवर लॉक लावले, की स्टिअरिंग जड होते, गाडी वळायला नकार देते आणि वळवलेल्या चाकांवर ताण येऊन पुढचे शाफ्ट व सांधे तुटू शकतात. गोव्यात पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेतील गाड्यांना दोन्ही लॉक लागतात; घरगुती वापरासाठी सहसा लागत नाहीत. स्वतंत्र सस्पेन्शनच्या ऑल-व्हील-ड्राइव्ह गाड्यांचे शाफ्ट मुळातच नाजूक असतात. त्यांत यांत्रिक लॉकच्या मागे लागण्यापेक्षा चांगले टायर घेणे इष्ट.

बसवताना घ्यावयाची काळजी

नवे डिफरन्शियल त्याच एक्सलसाठी बनलेले असावे. हाफ शाफ्टच्या खाचांची संख्या जुळली पाहिजे. सोबत क्राऊन-पिनियन बदलल्यास पुढच्या व मागच्या एक्सलचे गुणोत्तर एकच ठेवावे, नाहीतर फोर-व्हील लावताच ट्रान्स्फर केसवर घातक ताण येतो. क्राऊन आणि पिनियनमधील फट शिमने अचूक जुळवणे व दातांवर रंग लावून त्यांचा ठसा तपासणे, हे काम अंदाजाने होत नाही. ते चुकल्यास काही हजार किलोमीटरमध्येच घरघर सुरू होते. एक्सलची ब्रीदर नळी उंचावर न्यावी. पाण्यातून गाडी गेल्यावर तेल दुधाळ दिसल्यास ते त्वरित बदलावे.

आधी टायर, मग लॉक

लॉक पकड निर्माण करत नाही. असलेल्या पकडीचा पुरेपूर वापर करते. पकड देतात ते टायर. त्यामुळे खर्चाचा क्रम असा ठेवावा : प्रथम चिखलासाठी योग्य नक्षीचे टायर, हवा मोजण्याचे मीटर व भरण्याचा पंप, नंतर ओढण्याचा मजबूत पट्टा आणि हुक, त्यानंतर मागचे लॉक. चिखलात टायरची हवा सुमारे २० पीएसआयपर्यंत कमी केल्यास टायर अधिक जागा व्यापतो. डांबरी रस्त्यावर येताच मात्र ती पूर्ववत भरलीच पाहिजे.

कायदा आणि जंगल

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. डिफरन्शियल बाहेरून दिसत नसले, तरी काम हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालय, वाहन कंपनी आणि विमा कंपनी यांच्याकडून लेखी खुलासा घ्यावा. वॉरंटी व विम्याचा दावा त्यावर अवलंबून असतो. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात ठरलेला रस्ता सोडून गाडी नेता येत नाही, मग तिला कितीही लॉक असोत. रोवणी झालेल्या बांधीचा बांध तुडवला, तर शेतकऱ्याचे साठवलेले पाणी वाहून जाते, याचेही भान ठेवावे.

लॉक लावण्याची योग्य वेळ चिखलात शिरण्यापूर्वीची, अडकल्यानंतरची नव्हे. ते सैल किंवा निसरड्या जमिनीवर, कमी वेगात आणि शक्यतो सरळ जाताना वापरावे. कडक जमीन लागताच सोडावे. पुलावरून किंवा नाल्यातून पाणी वाहत असेल, तर मात्र गाडी थांबवावी. वाहते पाणी गाडीला उचलू लागले, की टायरखालची पकडच नाहीशी होते आणि तेथे कोणतेही डिफरन्शियल उपयोगी पडत नाही.