किवाम : पाकाच्या तारेपासून पेशीच्या आतपर्यंत

ईदच्या आदल्या रात्री अम्मी किमामी शेवयांचा पाक करायची. चमच्यावरचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरायची, बोटं हळूच लांब करायची. तार लगेच तुटली की म्हणायची, "अजून कच्चा आहे." घड्याळ नाही, मोजमाप नाही. दाटपणा तिला बोटांनी कळायचा.

किमाम हा शब्द मूळ अरबी 'किवाम'वरून आला. पानाच्या टपरीवरचा किमामही तोच. किवाम म्हणजे पदार्थाचा घट्ट-पातळपणा. हा शब्द स्वयंपाकघरातला तसाच हकिमांच्या दवाखान्यातलाही. इब्न सिना (९८०–१०३७) यांच्या 'अल-कानून फित्-तिब'मध्ये रोग्याची लघवी कशी तपासावी याची लक्षणं दिली आहेत : रंग, किवाम, स्वच्छ-गढूळपणा, गाळ, प्रमाण, वास आणि फेस. शरीरातला द्रव किती दाट आहे, यावरून आत काय चाललंय ते कळतं, हा विचार तिथे पक्का आहे.

मागच्या वर्षी नववीच्या एका मुलाने मोबाइलवर आलेला मजकूर दाखवला. पेशींपासून अणूपर्यंत सगळे शोध आपल्या हकिमांनी आधीच लावले होते, युरोपने फक्त चोरले, असा त्याचा सूर. "सर, हे खरं आहे ना?" त्याच्या 'ना'मध्ये आशा होती. मी घाईत काहीतरी सांगून वेळ मारून नेली. ते मनाला लागून राहिलं. मी भाषेचा शिक्षक, पण हा प्रश्न माझ्याही विषयाचा होता. शब्द कुठून कुठे जातो, याचाच तो प्रश्न. हे त्याचं उशिरा दिलेलं उत्तर.

दाटपणाला विज्ञानाच्या मराठीत श्यानता किंवा विष्यंदिता म्हणतात, उर्दूत लुजूजत. तिचं नेमकं गणित मांडणाऱ्यांपैकी एक होते फ्रान्सचे डॉक्टर प्वाझय. रक्त बारीक वाहिन्यांतून कसं वाहतं, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. १८४०च्या दशकात त्यांनी केसासारख्या काचनळ्यांतून पाणी सोडून मोजमापं घेतली. श्यानतेचं 'पॉइझ' हे एकक त्यांच्याच नावावरून आलं. साध्या तापमानाला पाण्याची श्यानता सुमारे १ सेंटिपॉइझ असते, ग्लिसरिनची हजाराच्या आसपास.

पण पेशीत काचनळी घालता येत नाही. ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी, आणि टोचलं की तिचं वागणंच बदलतं. १९५०मध्ये केंब्रिजला फ्रान्सिस क्रिक आणि आर्थर ह्यूज यांनी कोंबडीच्या पिल्लाच्या पेशींना चुंबकीय कण गिळायला लावले, बाहेरून चुंबकाने ते फिरवले आणि आतला द्रव किती अडवतो ते पाहिलं. हेच क्रिक तीन वर्षांनी डीएनएच्या रचनेमुळे जगाला माहीत झाले. युक्ती सुंदर होती. पण कण मोठा आणि पेशीचे कोपरे त्याहून लहान.

दुसरी वाट प्रकाशाची. १८५२मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी दाखवलं की हिवतापावरच्या क्विनाइनचं द्रावण डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून निळा प्रकाश परत देतं. फ्लोरस्पार या खनिजावरून त्यांनी या गुणाला फ्लुओरेसन्स नाव दिलं. मराठीत त्याला प्रतिदीप्ती म्हणतात. १९७१मध्ये फ्योर्स्टर आणि हॉफमन यांनी काही रंगद्रव्यांत हा उजेड आणि श्यानता यांचं नातं समीकरणात बसवलं : द्रव जितका दाट, तितका उजेड जास्त.

असं का होतं? अशा रेणूचे दोन भाग एका बंधाने जोडलेले असतात. प्रकाश शोषला की एक भाग दुसऱ्याभोवती वळू पाहतो. पातळ द्रवात तो सहज वळतो आणि मिळालेली ऊर्जा उष्णता होऊन विरून जाते; उजेड जवळजवळ नाही. दाट द्रवात वळायला जागा मिळत नाही, मग तीच ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. अशा रेणूंना आण्विक घूर्णक म्हणतात. अम्मीची बोटं पाकाला ताणून पाहायची. हा रेणू पाकात स्वतःच वळून पाहतो.

यात एक फसगत आहे. पेशीचा एखादा कोपरा जास्त उजळ दिसला, तर तो दाट आहे की तिथे रंग जास्त साचला आहे? नुसत्या उजेडावरून सांगता येत नाही. यावर दोन उपाय निघाले. एक, रेणू असा बनवायचा की तो दोन रंगांत प्रकाश देईल, आणि त्या दोन रंगांचं गुणोत्तर मोजायचं. रंग कमी साचो की जास्त, गुणोत्तर तेच राहतं. दुसरा, उजेड किती आहे हे न मोजता तो किती वेळ टिकतो हे मोजायचं. हा काळ नॅनोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या हिशोबातला. आधी मिथेनॉल आणि ग्लिसरिनची वेगवेगळी मिश्रणं करून कोणत्या दाटपणाला किती काळ, याचा तक्ता बनवायचा, मग पेशीतली मोजणी त्यावर ताडायची.

२००८मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या मरीना कुईमोवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉडिपी जातीच्या घूर्णकाने जिवंत कर्करोगपेशींत असंच मोजलं. रंग साचलेल्या स्निग्ध कप्प्यांत श्यानता सुमारे १४० सेंटिपॉइझ निघाली. पेशीतला पाणीदार भाग मात्र पाण्यापेक्षा थोडाच दाट असतो. म्हणजे पेशीचा असा एकच किवाम नाही. कप्प्याकप्प्याला वेगळा आहे. म्हणून आता रेणू बनवताना त्याला पत्ताही द्यावा लागतो. धन प्रभाराची शेपटी जोडली की तो मायटोकॉन्ड्रियाकडे ओढला जातो.

पुढच्याच वर्षी, २००९मध्ये, त्यांनी पॉर्फिरिनच्या जोड-रेणूने एक पेशी मरताना पाहिली. या रेणूवर प्रकाश पडला की तो पेशीला मारणारा ऑक्सिजनही तयार करतो. काही कर्करोगांवरच्या प्रकाशोपचाराचं तत्त्व हेच आहे. पेशी मरत गेली तशी आतली श्यानता सुमारे ५० वरून ३००च्या पुढे गेली. दाट झालेल्या पेशीत तो मारक ऑक्सिजनही मंद पसरतो. उपचाराचा हिशोब मांडताना हे लक्षात घ्यावं लागतं.

आपल्याकडचा धागाही आहे. थायोफ्लेविन-टी हा रंग १९५९पासून अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरसारख्या आजारांत साचणारी प्रथिनं, ओळखायला वापरतात. तो त्या साच्यातच का चमकतो? २०१०च्या सुमारास मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी अतिवेगवान प्रकाशमापनाने दाखवलं की हाही वळणारा रेणू आहे. मोकळ्या पाण्यात तो वळतो आणि विझतो. प्रथिनांच्या धाग्यांत अडकला की वळणं थांबतं आणि तो उजळतो.

तर बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. इब्न सिनांनी पेशी पाहिली नव्हती. त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता, आणि त्यांच्या चार खिल्तांचा सिद्धांत आज टिकत नाही. हे सांगितल्याने त्यांचा मान कमी होत नाही. शरीराचा किवाम नीट बघा, लिहून ठेवा, एका लक्षणावर निकाल देऊ नका, ही शिस्त त्यांच्या पुस्तकातून शेकडो वर्षं पूर्वेत आणि युरोपातही शिकवली गेली. ती खरी आहे आणि पुरेशी आहे. पूर्वजांच्या नावावर न लावलेले शोध चढवले, तर त्यांनी खरोखर केलेलं काम कुणी वाचतच नाही. आणि आपल्या मुलांना वाटू लागतं की सगळं झालंच आहे, आता प्रयोगशाळेत जायचं कशाला?

मागच्या ईदला त्या मुलाच्या घरी गेलो होतो. त्याची अम्मी पाक करत होती. तो म्हणाला, "सर, तार बघताना अम्मी नेमकं काय मोजते ते मला आता माहीत आहे." मी म्हटलं, "मग तिला सांग." त्याने सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "ते ठीक आहे, आधी गॅस कमी कर."